उजेड आणि अंधारी

'दिवटे चिरंजीव' हा प्रयोग मराठी घरांतून आजही ऐकू येतो, आणि तो कौतुकाने खचितच केला जात नाही. शब्दाच्या वाट्याला आलेली ही अवकळा पाहिली म्हणजे मूळच्या दिवट्याविषयी वाईट वाटते. तो मोठा उपयोगी माणूस होता. रात्रीच्या कूचात, सरदाराच्या पालखीपुढे, लग्नाच्या वरातीत एका हातात दिवटी आणि दुसऱ्या हातात तेलाची बुधली घेऊन तो चाले. उजेड करणे हे त्याच्या कामाचे एक अंग. तो उजेड योग्य जागी धरणे हे दुसरे. वाटेत खड्डा आला की त्याचा हात खाली जाई. समोरून कोणी आले की दिवटी बाजूला होई. पलित्यामागे डोळे असलेला एक माणूस उभा असे, म्हणून त्या उजेडाला रीतभात होती.

मोटार आली आणि दिवट्या गेला. त्याचा उजेड काचेच्या आणि पत्र्याच्या दिव्याने घेतला, आणि त्याच्यापेक्षा हजारपट जास्त दिला. पण त्याची रीतभात घ्यायला त्या दिव्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली. आज मोटारीच्या सामानाच्या दुकानात जाऊन कोणी 'झेनॉनचा बल्ब द्या' म्हणाले, तर दुकानदार 'किती केल्विनचा? पांढरा की निळा?' असे विचारतो. तो प्रश्न चुकीचा आहे असे नाही, पण तो शेवटचा प्रश्न आहे. त्याआधीचे प्रश्न कोणते, हे समजायचे तर या शंभर वर्षांचा इतिहास थोडा चाळावा लागतो. बल्बच्या बुडाशी कोरलेल्या दोन-तीन अक्षरांत तो सगळा इतिहास सामावलेला आहे.

१

पहिल्या मोटारींना दिवे होते ते घोडागाडीचेच. रॉकेलचे किंवा मेणबत्तीचे हे कंदील रस्ता दाखवण्यासाठी नव्हतेच. 'मी येथे आहे' एवढेच ते सांगत. घोड्याला रस्ता दिसत असे, आणि गाडीवान त्याच्या डोळ्यांवर विसंबून असे. मोटारीला डोळे नव्हते आणि वेग मात्र घोड्याच्या दुप्पट-तिप्पट, तेव्हा खरा प्रकाश हवा झाला.

तो प्रथम दिला कार्बाइडने. १८९२ साली टॉमस विल्सन नावाचा कॅनडात जन्मलेला संशोधक अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामध्ये विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवून कॅल्शियम धातू काढण्याच्या खटपटीत होता. त्याच्या मनात त्यापासून पुढे ॲल्युमिनियम करायचे होते. ॲल्युमिनियम राहिले बाजूला, आणि हाती लागले कॅल्शियम कार्बाइडचे करडे खडे. त्यांवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू सुटे आणि तो लख्ख पांढरा जळे. हा पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. अढीतले आंबे झटपट पिवळे करण्यासाठी कायद्याची बंदी असूनही काही व्यापारी जी पावडर वापरतात ती हीच, आणि तिचा लसणासारखा उग्र वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही.

मोटारीच्या पायरीवर पितळेची एक टाकी बसवलेली असे. खाली कार्बाइड, वर पाणी. थेंबथेंब पाणी गळे, वायू तयार होई आणि रबरी नळीतून दोन्ही दिव्यांकडे जाई. चालकाने उतरावे, काच उघडावी, वाऱ्याला पाठ देऊन काडी ओढावी आणि दिवे लावावेत. प्रवास संपला की टाकीतला चुन्याचा रेंदा खरवडावा. पुढे १९०४ साली इंडियानापोलिसमध्ये प्रेस्ट-ओ-लाइट ही कंपनी निघाली आणि तिने दाबाखाली भरलेल्या ॲसिटिलीनच्या नळकांड्या विकायला सुरुवात केली, तेव्हा हा खटाटोप कमी झाला.

या दिव्याने कोणाचे डोळे दिपल्याची फारशी तक्रार नव्हती. एक तर मोटारी थोड्या होत्या, आणि दुसरे म्हणजे ज्योत ही पसरट, हलणारी वस्तू असते. परावर्तक आरशाच्या नाभीत ती नेमकी बसत नाही, त्यामुळे तिचा झोतही ढिलाच असतो. नाभी म्हणजे आरशाच्या पोटातला तो एक बिंदू, की जेथे दिवा ठेवला असता सगळे किरण समांतर होऊन सरळ पुढे जातात. पुढची सगळी कथा या बिंदूभोवती फिरते, म्हणून तो येथेच ध्यानात ठेवावा.

२

विजेचे दिवे मोटारीवर आले ते १८९८ साली, कोलंबिया या विजेवर चालणाऱ्या मोटारीबरोबर. पण त्यांचा जम बसायला दोन अडचणी होत्या. रस्त्याच्या धक्क्यांनी बल्बमधला तंतू तुटे, आणि गाडीवर वीज तयार करण्याचे भरवशाचे साधन नव्हते. पहिली अडचण १९१० च्या सुमारास विल्यम कूलिजने टंगस्टनची लवचीक तार काढून दूर केली. दुसरी चार्ल्स केटरिंगने: १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत त्याने विजेचा स्टार्टर, जनित्र आणि दिवे यांची एकच जोडणी दिली. जर्मनीत बॉश कंपनीने १९१३ मध्ये तशीच संपूर्ण व्यवस्था बाजारात आणली. फोर्डच्या मॉडेल-टी गाडीला १९१५ सालापासून विजेचे दिवे मिळाले खरे, पण ते थेट मॅग्नेटोवर चालत. गाडी हळू झाली की दिवे मिणमिणत आणि वेग घेतला की झगझगत. ज्या वळणावर हळू जावे लागे तेथेच अंधार होई!

टंगस्टनचा तंतू बारीक आणि स्थिर असल्यामुळे तो नाभीत नेमका बसला. प्रकाश एकवटून दूर जाऊ लागला, आणि त्याच क्षणी समोरून येणाऱ्याची पंचाईत झाली. एकाच्या उजेडाने दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यावी, ही या नव्या वस्तूची जन्मजात खोड. 'डिपर'चा इतिहास हा ती खोड मोडण्याचा इतिहास आहे.

पहिला उपाय हास्यास्पद वाटेल असा होता. १९१५ साली गाइड लँप कंपनीने असे दिवे काढले, की जे खाली झुकवता येत. मात्र त्यासाठी गाडी थांबवून खाली उतरावे लागे. १९१७ मध्ये कॅडिलॅकने आत बसून ओढण्याचा दांडा दिला. खरी युक्ती साधली ती १९२४ साली, ऑस्रामच्या 'बायलक्स' बल्बने. एकाच बल्बमध्ये दोन तंतू: एक नाभीत, दुसरा तिच्या किंचित पुढे, आणि या दुसऱ्याच्या खाली धातूची चिमुकली वाटी. वाटीमुळे प्रकाश आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडे, आणि तंतू नाभीच्या पुढे असल्याने तेथून परतणारे किरण खाली रस्त्याकडे वळत. काही मिलिमीटरांचा फरक, पण त्यावर समोरच्या माणसाचे दिसणे-न दिसणे अवलंबून. १९२७ पर्यंत पायाने दाबायचे बटण आले. आपल्या मालट्रकांच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' अशी जी विनवणी रंगवलेली असते, तिचा उगम या वाटीत आहे.

३

यानंतर जगात दोन पंथ झाले. अमेरिकेने सोय पाहिली. तंतू, आरसा आणि काच सगळे एकत्र जोडून बंद केलेला 'सील्ड बीम' दिवा तेथे १९४० पासूनच्या सर्व मोटारींना आला; आकार एक, मोजमाप एक, बिघडला की अख्खा दिवा बदलायचा. यात मोठा गुण असा, की बल्ब आणि आरसा यांची फारकत करण्याची संधीच कोणाला मिळत नसे. दोष असा, की १९८३ पर्यंत कायद्याने दुसरे काही बसवू दिले नाही आणि सुधारणा खुंटली.

युरोपने नियम बांधला तो झोताच्या आकारावर. बल्ब वेगळा काढता येई, पण भिंतीवर पडणाऱ्या प्रकाशाला वरून धारदार कड असली पाहिजे, असा तेथे आग्रह. १९५७ च्या सुमारास त्यात एक भर पडली: समोरच्या गाडीच्या बाजूला ती कड आडवी, आणि रस्त्याच्या आपल्या कडेला मात्र सुमारे १५ अंशांनी वर चढलेली, म्हणजे कडेचा पादचारी, मैलाचा दगड, झाडाचे खोड दूरवरून दिसावे. आपण डावीकडून गाड्या हाकतो, तेव्हा आपल्या दिव्यांची रेघ डावीकडे चढली पाहिजे. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी केलेला दिवा येथे लावला, तर तीच चढती रेघ नेमकी समोरच्याच्या डोळ्यांत जाते. दिसायला दोन्ही दिवे सारखेच.

फ्रान्सने आणखी वेगळा मार्ग धरला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत तेथील मोटारींचे दिवे पिवळे असत. पिवळ्या काचेने डोळ्यांना कमी त्रास होतो ही समजूत. पण काच थोडा प्रकाश खाते, आणि सौम्यपणा पिवळेपणातून येतो की निव्वळ कमी उजेडातून, हा वाद काही मिटला नाही.

आपल्याकडचा उपाय गरिबाघरचा होता. जुन्या ॲम्बॅसडर आणि पद्मिनीच्या वाटोळ्या दिव्यांच्या मधोमध काळ्या रंगाचा एक ठिपका असे, तो पुष्कळांना आठवत असेल. तो नसला की पोलीस अडवी. ठिपक्याने थोडा प्रकाश अडे. पण राहिलेल्या प्रकाशाला दिशा लावण्याचे सामर्थ्य ठिपक्यात नव्हते. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालाला तीट लावावी, तसा तो प्रकार. तरीही समोरच्या माणसाचा विचार केला पाहिजे, ही जाणीव त्या ठिपक्यात होती, हे मान्य करावे लागेल.

याच काळात तंतूच्या दिव्याने आपली शेवटची मोठी उडी घेतली. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची वाफ काचेवर बसून काच काळवंडते. आत आयोडीनसारखा हॅलोजन कुळातला पदार्थ घातला, तर तो ती वाफ पकडून पुन्हा तंतूवर नेऊन सोडतो. तंतू जास्त तापवता येतो आणि काच स्वच्छ राहते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकला याचे पेटंट १९५९ मध्ये मिळाले, १९६२ साली युरोपात मोटारीसाठी पहिला हॅलोजन बल्ब आला, आणि १९७१ मध्ये दोन तंतूंचा एच-४. आपल्या रस्त्यांवरच्या असंख्य गाड्या अजून या एच-४ वरच चालतात. ५५ ते ६० वॉट वीज, आणि डिपरला सुमारे १००० ल्यूमेन प्रकाश, अप्परला सुमारे १६५०.

४

तंतू जिथे संपतो तिथे प्रज्योत सुरू होते. विजेच्या दोन टोकांमध्ये थोडे अंतर ठेवून, त्या अंतरातील वायूतूनच वीज वाहायला लावली की जी झगझगीत कमान तयार होते तिला प्रज्योत म्हणतात. तंतूच्या दिव्याहून ही वडील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात हंफ्री डेव्हीने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रचंड बॅटरी जोडून कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये ती पेटवून दाखवली. गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्यांच्या यंत्रांत हीच प्रज्योत जळे. कांड्या झिजत, अंतर वाढे, आणि ऑपरेटरला सतत चाक फिरवून त्या जवळ आणाव्या लागत. त्याचे लक्ष जरा चुकले की पडदा अंधुक होई आणि प्रेक्षक शिट्ट्या मारीत.

अशी लहरी वस्तू मोटारीत बसवायची, तर तिला बंद कुपीत घालून माणसाळवायला हवे होते. त्यासाठी लागला एक दुर्मीळ वायू. १८९८ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप केलेल्या हवेच्या अवशेषांतून तो वेगळा काढला आणि त्याला ग्रीक भाषेतील 'परका' या अर्थाच्या शब्दावरून 'झेनॉन' असे नाव दिले. हवेच्या सुमारे सव्वा कोट भागांत हा एखादाच भाग सापडतो. या दोघांचा आपल्या देशाशी संबंध आहे, तो येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या जमशेटजी टाटांनी विज्ञानसंस्था काढण्याचे मनावर घेतले, तेव्हा तिची योजना तपासण्यासाठी रॅम्सेंना हिंदुस्थानात बोलावण्यात आले. त्यांनी जागा सुचवली ती बंगलोरची. आणि त्या संस्थेचे पहिले संचालक झाले ते हेच ट्रॅव्हर्स.

झेनॉनला मोटारीत यायला मात्र त्र्याण्णव वर्षे लागली. मधल्या काळात पाऱ्याच्या वाफेचे दिवे झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी जनरल इलेक्ट्रिकमधील गिल्बर्ट रायलिंगने त्यांत धातूंचे आयोडाइड क्षार घालून प्रकाशाचा रंग सुधारला. पण हे दिवे रस्त्यावरच्या खांबांसाठी ठीक. तापून पुरते उजळायला त्यांना काही मिनिटे लागत. मोटारीच्या दिव्याला इतकी सवड कोठली? झेनॉनने ही अडचण सोडवली. तो वायूच असल्यामुळे वाफ होण्याची वाट पाहावी लागत नाही. १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या सातव्या मालिकेतील मोटारीला हे दिवे प्रथम मिळाले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'एचआयडी' म्हणतात, बाजारात 'झेनॉन'.

त्याचे काम असे चालते. क्वार्ट्झच्या वाटाण्याएवढ्या कुपीत टंगस्टनची दोन टोके समोरासमोर, मध्ये सुमारे ४ मिलिमीटर अंतर. आत दाबाखाली झेनॉन, सोडियम आणि स्कँडियमचे क्षार, आणि जुन्या जातीत थोडा पारा. बटण दाबताच एक पेटी सुमारे वीस हजार व्होल्टांचा झटका देते. ठिणगी उडते आणि झेनॉन निळसर पांढरा पेटतो. पहिले काही सेकंद पेटी दुप्पट वीज ढकलते, तोवर क्षारांची वाफ होते आणि प्रकाश भरीव पांढरा होतो. युरोपीय नियम असा, की एका सेकंदात २५ टक्के आणि चार सेकंदांत ८० टक्के प्रकाश मिळाला पाहिजे. मग दिवा ३५ वॉटवर स्थिरावतो. एवढ्या विजेत तो सुमारे ३२०० ल्यूमेन देतो. ५५ वॉट खाणारा एच-७ हा चांगला हॅलोजन देतो १५००. दुप्पट प्रकाश, आणि वीज दोनतृतीयांशाहून कमी! शिवाय तुटायला तंतूच नाही.

दिवट्याच्या हातात एकदम भट्टी आली म्हणायची. नियम करणाऱ्यांनी हे ओळखले. २००० ल्यूमेनहून अधिक प्रकाशाचा बल्ब असेल, तर गाडीत माणसे किंवा ओझे बसून मागची बाजू दबली तरी दिवे आपोआप खाली वळले पाहिजेत, आणि काचेवरचा चिखल धुण्याची व्यवस्था गाडीतच असली पाहिजे, असा दंडक युरोपात घातला गेला. चिखलाचा संबंध काय, असे वाटेल. पण मळकी काच झोत विखुरते, आणि विखुरलेला झोत वरच्या धारदार कडेला जुमानत नाही. पुढे काही कारखानदारांनी नेमक्या २००० ल्यूमेनचे २५ वॉटचे बल्ब काढून या खर्चातून वाट काढली, हेही नमूद करायला हवे.

५

आता बल्बच्या बुडाशी असलेली अक्षरे वाचता येतील. पहिले अक्षर 'डी', म्हणजे तंतूचा नव्हे, प्रज्योतीचा दिवा. नंतरचा आकडा महत्त्वाचा. १ आणि ३ यांत ठिणगी देणारी डबी बल्बलाच चिकटलेली असते. २ आणि ४ यांत ती वेगळी असते. १ आणि २ यांत पारा आहे. ३ आणि ४ पाराविरहित. पारा विषारी म्हणून युरोपने १ जुलै २०१२ नंतर मान्यता मिळालेल्या नव्या गाड्यांतून तो हद्दपार केला. पारा काढला की बल्ब निम्म्या दाबावर जळतो: पाऱ्याचा ८५ व्होल्टांवर, बिनपाऱ्याचा ४२ वर. म्हणून डी-२ च्या जागी डी-४ चालेल असे कोणी सांगितले, तर त्याचे ऐकू नये. पेटी एकाची आणि बल्ब दुसऱ्याचा, हा संसार टिकत नाही.

शेवटचे अक्षर 'एस' किंवा 'आर'. 'एस' हा भिंगाच्या दिव्यासाठी. त्या दिव्यात भिंगाच्या मागे धातूचा पडदा असतो आणि झोताची वरची कड तो पडदाच कापतो. 'आर' हा नुसत्या आरशाच्या दिव्यासाठी. तेथे पडदा नाही, म्हणून बल्बच्या काचेवरच काळ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात. बायलक्सच्या वाटीचे काम येथे रंग करतो. त्या पट्ट्या प्रकाश अडवतात, म्हणून आरचा प्रकाश २८०० ल्यूमेन आणि एसचा ३२००. हे आकडे वाचून आरच्या दिव्यात एस बसवण्याचा मोह होतो. तो होणार हे जाणूनच दोघांच्या बुडाच्या खाचा वेगळ्या केलेल्या आहेत. कानस घेऊन खाच वाढवणारा मिस्त्री आपल्याला जादा चारशे ल्यूमेन देत नाही. तो समोरच्यापुढचा पडदा काढून टाकतो.

आता रंग. कारखान्यातून आलेला बल्ब साधारण ४३०० केल्विनचा असतो, म्हणजे किंचित उबदार पांढरा. ६०००, ८००० असे आकडे चढत जातात तसतसा प्रकाश निळा होतो आणि कमीही होतो. केल्विन हे रंगाचे माप आहे, उजेडाचे नव्हे. मग निळ्याची हौस का? याचे उत्तर मौजेचे आहे. झेनॉनच्या भिंगातून येणाऱ्या झोताच्या वरच्या कडेला रंगांची फूट पडून निळी झालर दिसते. महागड्या गाडीचा दिवा समोरच्याला क्षणभर निळा चमकून जातो. ती चमक श्रीमंतीची खूण ठरली. मग हॅलोजनच्या बल्बांना निळा मुलामा देऊन ते विकले गेले, आणि लोकांनी प्रकाश कमी करण्यासाठी जास्त पैसे मोजले. पावसाळी रात्री ओल्या डांबरावर आधीच उजेड परततो थोडा. तेथे निळा बल्ब मालकालाही फसवतो.

राहिली वयाची गोष्ट. हे बल्ब फुटक्या तंतूसारखे एकाएकी विझत नाहीत. ते हळूहळू मंदावतात आणि त्यांचा रंग पालटत जातो. म्हणून एक गेला की दोन्ही बदलावेत, नाहीतर एक डोळा पांढरा आणि एक जांभळट अशी गाडी दिसते. आणि हे काम घरच्या घरी करण्याचा हट्ट धरू नये; वीस हजार व्होल्ट ही थट्टा नव्हे.

६

येथवर जे सांगितले ते कारखान्यातूनच झेनॉन घेऊन आलेल्या गाडीसाठी. आपल्याकडचा मोठा प्रश्न निराळा आहे. ज्या गाडीला मुळात एच-४ आहे, तिच्यात 'किट' नावाची पेटी विकत आणून प्रज्योतीचा बल्ब बसवला जातो. गॅरेजवाला अर्ध्या तासात काम करून देतो. भिंतीवर लख्ख उजेड पडतो. मालक खूष होतो.

काय बिघडले, ते नाभीच्या बिंदूवरून ओळखावे. एच-४ चा आरसा दोन तंतूंसाठी घडवलेला आहे: त्यांची जागा, लांबी, वाटीची सावली, सगळे मोजून. प्रज्योत ही तंतूसारखी सरळ रेघ नसते; गरम वायू वर चढतो म्हणून ती कमानीसारखी वाकते, आणि तिची झळाळी दोन्ही टोकांशी एकवटलेली असते. तंतूसाठी घडवलेल्या आरशात ती ठेवली की धारदार कड पुसली जाते. आधी होता त्याहून दुप्पट-तिप्पट प्रकाश, आणि त्याला धरणारे कोणी नाही. गंमत अशी, की चालकाला आपल्या गाडीपुढचा जवळचा रस्ता इतका उजळलेला दिसतो, की दूरचे त्याला पूर्वीपेक्षाही कमी दिसते. पण त्याचे समाधान मात्र वाढलेले असते.

समोरच्याचे काय होते? झगझगीत प्रकाश डोळ्यात शिरला की तो डोळ्यातच विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर दुधी पडदा पसरतो. वय वाढते तसा हा विखुरणारा धूसरपणा वाढतो. साठीच्या माणसाला विशीच्या माणसापेक्षा सावरायला जास्त वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर कापते. तीन सेकंद दिसले नाही, तर पन्नास मीटर रस्ता आंधळेपणाने ओलांडला जातो.

आणि त्या पन्नास मीटरांत कोण असते? द्रुतगती मार्गावर मध्ये दुभाजक आहे. तेथे हा प्रश्न निम्मा सुटतो. पण सांगली-कोल्हापूरकडे किंवा नगर जिल्ह्यात गळिताच्या हंगामात साध्या दुपदरी रस्त्याने रात्री जावे. उसाने लादलेली बैलगाडी, मागे ना दिवा ना लाल काच, कारखान्याच्या दिशेने संथ चाललेली असते. तिच्यावर आदळणारी गाडी किट लावणाऱ्याची नसते. ती असते त्याच्या समोरून आलेल्या तिसऱ्याची, जो क्षणभर आंधळा झाला होता. ज्याच्या दिव्यामुळे हे घडले तो तोवर पुढच्या गावी पोहोचलेला असतो; आपल्या हातून काही झाले आहे, याचा त्याला पत्ताही नसतो. या अपराधाची नोंद कोठेच होत नाही, कारण त्यात टक्कर त्याची होत नाही.

कायदा याविषयी गप्प आहे असे नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम सांगतो, की दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा: समोर ८ मीटरांवर, दिव्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर असलेले माणसाचे डोळे त्याने दिपता कामा नयेत. आणि मूळ १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम कारखानदाराने ठरवलेल्या रचनेत परस्पर फेरफार करण्यास मनाई करते. नियम काटेकोर आहे. रात्री हमरस्त्यावर उभे राहून तो मोजणारा माणूस तेवढा दुर्मीळ.

७

झेनॉनचे राज्य आता ओसरले आहे. २००७ मध्ये लेक्ससच्या एका मोटारीला एलईडीचे दिवे आले आणि पुढच्या पंधरा वर्षांत नव्या गाड्यांतून प्रज्योत जवळजवळ नाहीशी झाली. १९९१ चे नवल एका पिढीत जुने झाले. पण दुकानात जे किट झेनॉनचे मिळत असे, त्याच्या शेजारी आता एलईडीचे मिळते, आणि तीच चूक नव्या नावाने त्याच एच-४ च्या आरशात बसवली जाते. वस्तू बदलली की शहाणपण आपोआप बदलत नाही, याला मोटारीच्या दिव्याचा इतिहास पुरेपूर साक्षी आहे.

तेव्हा ज्याच्या गाडीला मूळचेच झेनॉन आहे, त्याने जुना बल्ब काढून त्यावरची अक्षरे वाचावीत, तीच अक्षरे असलेला ४३०० च्या आसपासचा बल्ब नामांकित कंपनीचा घ्यावा, आणि जोडी बदलावी. ज्याच्या गाडीला हॅलोजन आहे, त्याने हॅलोजनच ठेवावा. उजेड कमी वाटत असेल तर आधी काच घासून घ्यावी, वायरींच्या जोडण्यांवरचा गंज काढावा, बल्ब फार जुना असेल तर नवा घालावा. पुष्कळदा तेवढ्याने भागते. मग रात्री गाडी सपाट जागी, एखाद्या भिंतीपासून आठ-दहा मीटरांवर उभी करून डिपर लावावा. उजवीकडे आडवी आणि डावीकडे चढणारी स्वच्छ रेघ दिसली, आणि ती आडवी रेघ दिव्याच्या उंचीच्या थोडी खाली असली, की दिवा ठीक. रेघच सापडत नसेल, उजेड भिंतभर पसरला असेल, तर बल्ब कितीही महागाचा असो, तो उतरवावा.

ही परीक्षा आपल्याच गाडीच्या मागे उभे राहून घेऊन पुरत नाही. शेवटी एकदा भिंतीच्या बाजूला जावे, समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे असतात तितके खाली वाकावे आणि आपल्याच दिव्यांकडे पाहावे.